आयपीने उघडतो, नावाने नाही: घरच्या मीडिया सर्व्हरचं सारखं हरवणारं नाव

"अरे, तुझं कोठार परत बंद पडलं बघ." गुरुवारी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की बाबांचं हे वाक्य ठरलेलं. टीव्हीवर जेलीफिन (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे-गाणी दाखवणारं ॲप) उघडलेलं असायचं, मधोमध ते चक्र गरगर फिरत असायचं आणि मग सर्व्हर सापडत नसल्याची पाटी. मी बूटही न काढता आत जायचो, रास्पबेरी पाय ह्या चिमुकल्या संगणकाची, म्हणजे आमच्या सर्व्हरची, वायर उपटायचो, दहापर्यंत मोजून परत लावायचो. दोन मिनिटांत नाट्यपदं सुरू. पुढच्या गुरुवारी परत तेच.

असे चार महिने गेले. दोष पायचा, स्वस्तातल्या हार्ड डिस्कचा, जेलीफिनच्या नव्या आवृत्तीचा, असं प्रत्येक वेळी वेगळं निदान मी छातीठोकपणे केलं. खरी चूक माझी होती. खून झालेल्या खोलीची फरशी आधी स्वच्छ पुसायची आणि मग पोलिसांना बोलवायचं, असा तो प्रकार होता. रिस्टार्ट केलं की दुखणं जातं खरं, पण ते कशामुळे होतं हे सांगणारी प्रत्येक खूणही जाते. म्हणून हे वाचत असताना तुमचा सर्व्हर आत्ता रुसलेला असेल, तर कृपा करून वायरीला हात लावू नका.

आधी माझी मांडणी सांगतो. रास्पबेरी पाय ४, त्याला ४ टीबीची यूएसबी डिस्क, डॉकरमध्ये (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारी सोय) जेलीफिन, शिवाय लॅपटॉपवरून फाइली टाकायला सांबा. यंत्राचं नाव ‘कोठार’. नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी, १९२.१६८.१.२०; जेलीफिनचं पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचं दार, ८०९६. तुमच्याकडे प्लेक्स असेल, कोडी असेल किंवा जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू असेल, तरी पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल. कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत करा.

बंद पडला की हरवला?

पहिला प्रश्न हाच, आणि तो अर्ध्या मिनिटात सुटतो. लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये नावाऐवजी आकडा टाका: १९२.१६८.१.२०, मग कोलन (:), मग ८०९६. पान उघडलं तर सर्व्हर ठणठणीत आहे, फक्त त्याचं नाव हरवलंय. आकड्यानेही उघडलं नाही तर मामला वेगळा: केबल, वीजपुरवठा, भरलेली डिस्क, बंद पडलेला कंटेनर. त्याचं निदान इथे सापडणार नाही.

मी तो आकडा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजला चिकटवला आणि बाबांना म्हटलं, "पुढच्या वेळी बंद पडलं ना, तर मला सांगायच्या आधी एवढं टाकून बघा." गुरुवारी बाबांचा फोन आला, "आकड्याने चालतंय की!" म्हणजे चार महिने मी धडधाकट माणसाला सलाइन लावत होतो.

नाव नेमकं विचारतात कोणाला?

गोंधळाचं मूळ इथे आहे. ‘नाव सापडत नाही’ हे आपलं एक वाक्य, पण यंत्राकडे नाव शोधायचे तीन तरी रस्ते असतात, आणि प्रत्येक यंत्र ते आपापल्या क्रमाने धरतं.

पहिला रस्ता खिशातल्या डायरीचा. प्रत्येक संगणकात होस्ट्स नावाची एक साधी फाइल असते, तिच्यात हाताने लिहिलेली नावं आणि पत्ते. एकेकाळी अख्ख्या नेटवर्कची मिळून अशी एकच फाइल होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती ठेवली जायची आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. ते आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेचा, आराखडा मांडला.

तो डीएनएस म्हणजे दुसरा रस्ता, चावडीचा. यंत्र एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन विचारतं, ‘कोठार कुठे राहतो?’ घरात ही चावडी बहुधा राउटरच असतो. तिसरा रस्ता गल्लीत हाक मारण्याचा: ‘कोठार कोण आहे रे?’ आणि ज्याचं नाव कोठार तोच ओ देतो. ह्याला मल्टिकास्ट डीएनएस म्हणतात. शेवटी ‘डॉट लोकल’ असलेली नावं ह्या रस्त्याने जातात. हाक २२४.०.०.२५१ ह्या सामायिक पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर मारली जाते. ॲपलवाले ह्यालाच बाँजूर म्हणतात, लिनक्सवर हे काम अवाही करतो. विंडोजकडे हाक मारायच्या आणखी एकदोन जुन्या तऱ्हा आहेत, त्यामुळे विंडोज लॅपटॉपवर नुसतं ‘कोठार’ लिहून काम होतं आणि शेजारी ठेवलेल्या फोनवर होत नाही. ‘लॅपटॉपवर चालतंय, म्हणजे सर्व्हर बरोबर आहे, म्हणजे फोन बिघडलाय’ हा तर्क इथेच आपटतो.

आता एक सापळा, ज्यात मी स्वतः दोन रविवार घालवले. एनएसलुकअप ही कमांड फक्त चावडीवर विचारते. तिला डायरी दिसत नाही, हाकही ऐकू येत नाही. त्यामुळे पिंग (समोरचं यंत्र ओ देतं का हे बघणारी कमांड) चालतं आणि एनएसलुकअप ‘असं नावच नाही’ म्हणतं, किंवा बरोबर ह्याच्या उलट. दोन्ही खरं बोलत असतात. लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स’ आणि पुढे नाव असं दिलंत, तर यंत्र ॲपसाठी ज्या क्रमाने शोधेल त्याच क्रमाने शोधून दाखवतं. फक्त हाक तपासायची असेल तर ‘अवाही-रिझॉल्व्ह’. तिन्ही कमांड चालवा आणि उत्तरं कागदावर लिहून ठेवा. कोणता रस्ता तुटलाय हे बहुतेक वेळा तिथेच कळतं.

गुरुवारचं कोडं

आमच्याकडे गुरुवारी देखभालीच्या कामासाठी सकाळी दहाला लाईट जाते ती चारच्या आसपास येते. टीव्हीच्या कपाटातला पाय, डिस्क आणि पाच पोर्टचा छोटा नेटवर्क स्विच (एका केबलीला अनेक यंत्रं जोडणारा डबा) इन्व्हर्टरवर आहेत. राउटर मात्र दारापाशी, जिथे फायबरची वायर आत येते तिथे. आणि तो सॉकेट इन्व्हर्टरवर नाही. मला वाटायचं, पाय तर बंदच पडत नाही, मग लाईटचा संबंध काय?

संबंध असा. राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देताना त्याचं नाव आपल्या वहीत टिपून घेतो, आणि पुढे ‘कोठार कुठे?’ विचारलं की ती वही बघून सांगतो. पण बऱ्याच घरगुती राउटरची ही वही मेमरीत असते. वीज गेली की कोरी. चार वाजता राउटर उठतो तो पाटी पुसूनच. फोन आणि टीव्हीचं वायफाय तुटलेलं असतं, ते पुन्हा जोडताना पत्ता मागतात, त्यांची नावं परत चढतात. पाय मात्र स्विचला जोडलेला. स्विच चालू, त्यामुळे पायच्या दृष्टीने केबल कधी तुटलीच नाही. त्याला पत्ता चोवीस तासांसाठी मिळालेला, आणि नियमाप्रमाणे त्याचं नूतनीकरण निम्मी मुदत संपल्यावर, म्हणजे बारा तासांनी. तोवर तो राउटरशी ह्या विषयावर बोलायलाच जात नाही. राउटर त्याला ओळखत नाही आणि आपल्याला विसरलेत हे त्याला माहीत नाही.

शुक्रवारी सकाळपर्यंत नूतनीकरण होऊन सगळं आपोआप ठीक. पाय थेट राउटरला जोडलेला असता, तर राउटर उठल्यावर केबल ‘नव्याने लागली’ असं पायला वाटलं असतं, त्याने पत्ता परत मागितला असता आणि हा रोग झालाच नसता. शंभरेक जीबीच्या फाइली हलवायला सोयीचा म्हणून मी कौतुकाने आणलेला तो स्विचच आड येत होता.

पुरावा कसा मिळाला? गुरुवारी राउटरच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांची यादी पाहिली. फोन, टीव्ही, टॅब सगळे होते, कोठार नव्हतं. शेजारीच राउटर किती वेळ चालू आहे तो आकडा: साडेतीन तास. पायवर ‘अपटाइम’ विचारलं तर एकवीस दिवस. पुढचं समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

उपाय दोन केले. वायरमनला बोलावून राउटरचा सॉकेट इन्व्हर्टरवर घेतला. हा खरं तर पहिल्या दिवशीच करायला हवा होता. आणि राउटरमध्ये पायच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) १९२.१६८.१.२० कायमचा राखून ठेवला. एक लक्षात घ्या: पत्ता राखून ठेवला म्हणजे नाव पण कायमचं चढलं असं सगळ्या राउटरमध्ये होत नाही. ओपनडब्ल्यूआरटी ह्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी खूण करावी लागते. इंटरनेटवाले जे राउटर देतात त्यांतल्या कित्येकांत ती सोयच नसते, माझ्यात नव्हती.

इथे अनेक जण, मीही एकदा, ‘मग पायवरच पत्ता पक्का टाकतो’ म्हणतात. त्याने पत्ता पक्का होतो, पण पाय राउटरकडे पत्ता मागायला जातच नाही, म्हणून राउटरला नाव कधीच कळत नाही. शिवाय तो पत्ता राउटरच्या वाटपाच्या पट्ट्यात असेल तर एक दिवस राउटर तोच एखाद्या पाहुण्याच्या फोनला देऊन मोकळा होतो. मग सर्व्हर कधी उघडतो, कधी नाही, आणि तुम्ही केस उपटता.

चावडी बदलली, दुखणं बदललं

राउटरवर नाव कायमचं लिहिता येत नाही म्हणून पायवरच पाय-होल टाकलं, म्हणजे जाहिराती गाळणारी घरची चावडी. त्याच्या ‘लोकल डीएनएस’ भागात एका ओळीत नाव आणि पत्ता. राउटरला सांगितलं की सगळ्यांना चावडी म्हणून १९२.१६८.१.२० द्यायची, आणि पाय कधी बंद पडला तर घराचं इंटरनेट अडायला नको म्हणून दुसऱ्या चौकटीत ८.८.८.८, म्हणजे गूगलची सार्वजनिक चावडी, भरलं. शहाणपणा वाटला होता.

त्यानंतर नाव कधी सापडायचं, कधी नाही. गुरुवारचाही नेम राहिला नाही. कारण ती दुसरी चौकट बारावा खेळाडू नसते. यंत्रं दोन्ही पत्ते सारखेच विश्वासाचे धरतात आणि आपल्या मर्जीने कुठेही विचारतात. ८.८.८.८ ला कोठार माहीत असायचं कारणच नाही. ते प्रामाणिकपणे ‘असं नाव अस्तित्वात नाही’ सांगतं. आणि ‘नाही’ हेही पूर्ण उत्तर असतं. ते मिळाल्यावर यंत्र दुसरीकडे विचारायला जात नाही, उलट ते ‘नाही’ काही काळ लक्षात ठेवतं. म्हणून नियम सरळ: घरातली नावं हवी असतील तर यादीतल्या प्रत्येक चावडीला ती माहीत हवीत. तसं जमत नसेल तर एकच चावडी ठेवा. मी दुसरी चौकट रिकामी केली.

तरीही लॅपटॉप अधूनमधून चुकायचा. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’ला ‘ऑल’ जोडून चालवलं, तेव्हा डीएनएसच्या यादीत माझ्या पायच्या वर एक लांबलचक, ‘एफई८०’ने सुरू होणारा पत्ता दिसला. तो राउटरचा आयपीव्ही६ पत्ता, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला. आपले चार आकडी पत्ते जुन्या आयपीव्ही४ मधले. राउटर आयपीव्ही६ च्या जाहिरातीत स्वतःलाच चावडी म्हणून पुढे करत होता. आयपीव्ही४ मध्ये मी काय भरलंय ह्याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. आपल्याकडे बऱ्याच फायबर जोडण्यांवर आता आयपीव्ही६ आपोआप चालू येतं, त्यामुळे ही जागा न चुकता तपासा. राउटरच्या लॅन विभागात आयपीव्ही६ खाली डीएनएसची जाहिरात बंद करण्याची किंवा तिथे स्वतःचा पत्ता देण्याची सोय शोधा. अख्खं आयपीव्ही६ बंद करणं हा शेवटचा इलाज. मी तो टाळला.

राहिला मुलीचा फोन. तिने जाहिराती टाळायला अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये खासगी डीएनएस म्हणून बाहेरची सेवा भरून ठेवली होती. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. ती लावली की फोनचे सगळे प्रश्न कूटबद्ध होऊन, पोर्ट ८५३ वरून थेट बाहेर जातात. घरच्या चावडीला तो फोन विचारतच नाही. ‘स्वयंचलित’वर ठेवायला सांगितलं. "मग जाहिराती?" पाय-होल आहे की, म्हटलं.

प्लेक्सवाल्यांसाठी एवढंच: प्लेक्स सुरक्षित जोडणीसाठी ‘प्लेक्स डॉट डायरेक्ट’खालची लांबलचक नावं वापरतं आणि ती तुमच्या घरातल्या पत्त्याकडे बोट दाखवतात. बाहेरच्या नावाने घरातला पत्ता सांगणं हे काही राउटरना घातपाताचं लक्षण वाटतं आणि ते उत्तर गाळून टाकतात. डीएनएसमास्क ह्या डीएनएसच्या प्रोग्रॅममध्ये ‘रीबाइंड-डोमेन-ओके’ म्हणून त्या एका नावाला सूट देता येते. संरक्षण सगळंच काढून टाकू नका.

डॉट लोकल: गल्लीतली हाक

पाय-होलच्या भानगडीत न पडता नुसतं ‘कोठार डॉट लोकल’ वापरावं असं वाटणं साहजिक आहे. काही ठरवावं लागत नाही, अवाही आपोआप चालतो. पण हाक तिच्या गल्लीपुरतीच ऐकू जाते, आणि तिची दुखणी वेगळी.

पहिलं, सगळ्यांना ही भाषा येत नाही. आमच्या हॉलमधल्या जुन्या अँड्रॉइड टीव्हीला डॉट लोकल अजिबात कळत नाही. तिथे अवाहीशी कितीही झटापट केलीत तरी उपयोग नाही.

दुसरं, बेडरूममधला दुसरा राउटर. जुना राउटर टाकून कसा द्यायचा म्हणून आपण तो आत लावतो, हॉलमधून आलेली केबल त्याच्या वॅन (बाहेरचं इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये घालतो. इंटरनेट येतं, सगळे खूश. पण त्या राउटरने आत स्वतःचं वेगळं नेटवर्क थाटलेलं असतं, १९२.१६८.०.काहीतरी. म्हणजे घरात दोन गल्ल्या झाल्या आणि हाक भिंतीपलीकडे जात नाही. फोनवरचा पत्ता बघा. तिसरा आकडा सर्व्हरच्या पत्त्याशी जुळत नसेल तर हेच. केबल वॅनमधून काढून लॅन (घरातल्या यंत्रांच्या) पोर्टमध्ये घाला आणि त्या राउटरचं पत्तेवाटप बंद करा, किंवा त्यात ॲक्सेस पॉइंट मोड (नुसतं वायफाय पसरवण्याचा) असेल तर तो लावा. पाहुण्यांचं वायफायही असंच वेगळ्या गल्लीत असतं, पण ते मुद्दाम.

तिसरं दुखणं मला फार आवडतं, कारण ते घड्याळ लावून होतं. सर्व्हर सुरू केला की चार-पाच मिनिटं नाव छान सापडतं, मग गायब. रिस्टार्ट केलं की परत चार-पाच मिनिटं. राउटर किंवा स्विचमधलं आयजीएमपी स्नूपिंग तपासा. सामायिक हाका सगळ्यांना न ऐकवता फक्त इच्छुकांना ऐकवायच्या, ही त्यामागची कल्पना. इच्छुकांची यादी ताजी ठेवायला कोणीतरी अधूनमधून ‘अजून कोण ऐकतंय?’ विचारावं लागतं. ते विचारणारं कोणी नसेल तर नेहमीच्या मानकाप्रमाणे २६० सेकंदांनी यादीतली नावं गळतात. खरं तर २२४.०.०.२५१ सारख्या पत्त्यांना हा नियम लावू नये असा संकेत आहे, पण स्वस्तातली यंत्रं संकेत पाळतातच असं नाही. यंत्राच्या पत्त्याची डॉट लोकल नोंद ऐकणाऱ्याकडे साधारण १२० सेकंदच टिकते, त्यामुळे हाक बंद झाल्यावर नाव विसरायला वेळ लागत नाही. स्नूपिंग बंद करून बघा. घरगुती नेटवर्कला त्याने काही बिघडत नाही.

चौथं: एक दिवस कोठार हरवलं आणि ‘कोठार-२’ नावाचं कुणीतरी उगवलं. दुसरा पाय मी घेतलेला नाही. जर्नलसीटीएलमध्ये (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी कमांड) अवाहीची नोंद काढली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं: नावाचा संघर्ष, आता कोठार-२ म्हणून प्रयत्न करतोय. डॉकर आपल्या कंटेनरसाठी आभासी नेटवर्क कार्डं तयार करतो. अवाही त्या सगळ्यांवर हाक मारतो, स्वतःच्याच हाकेचा प्रतिध्वनी ऐकतो आणि ‘हे नाव आधीच कोणीतरी घेतलंय’ म्हणून सभ्यपणे बाजूला होतो. अवाहीच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘अलाऊ-इंटरफेसेस’ पुढे फक्त खऱ्या कार्डाचं नाव, माझ्याकडे ‘ईथ०’, लिहिलं आणि अवाही पुन्हा सुरू केला. तेव्हापासून जुळा भाऊ आलेला नाही.

आणि पाय-होलमध्ये ‘कोठार डॉट लोकल’ अशी नोंद करून दोन्ही रस्ते एक करायचा मोह टाळा. डेबियन आणि उबुंटूमध्ये नाव शोधायचा क्रम एनएसस्विच डॉट कॉन्फ ह्या फाइलमध्ये असतो. तिथे नेहमीची ओळ अशी असते की डॉट लोकलला हाक मारून बघायची, ओ आली नाही तर तिथेच थांबायचं. चावडीपर्यंत प्रश्न जातच नाही. घरातल्या नावांसाठी ‘होम डॉट आर्पा’ हे शेपूट २०१८ पासून अधिकृतपणे राखून ठेवलेलं आहे. दिसायला कुरूप आहे, पण बाहेरच्या कुठल्या नावाशी त्याची टक्कर होणार नाही.

सर्व्हरलाच नावं सापडेनात तेव्हा

आतापर्यंत बाकीची यंत्रं सर्व्हरला शोधत होती. कधी उलटं होतं: सर्व्हर छान उघडतो, जुनं सगळं चालतं, पण नव्या सिनेमांना पोस्टर नाही, माहिती नाही, नुसते करडे चौकोन. जेलीफिन ही माहिती मुख्यतः द मूव्ही डेटाबेसकडून आणतं. लॉगमध्ये नाव न सुटल्याची (म्हणजे नावावरून पत्ता न मिळाल्याची) किंवा जोडणी न झाल्याची तक्रार दिसेल.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. यजमान पायवर तेच नाव सुटतंय का, आणि कंटेनरच्या आत सुटतंय का? कंटेनर सुरू होताना यजमानाकडून डीएनएसची यादी घेतो. लाईट गेल्यावर पाय आधी उठला आणि राउटर तीन मिनिटांनी, तर कंटेनरच्या हाती अपुरी यादी पडते आणि पुढे यजमानाची सुधारली तरी कंटेनर जुन्याच यादीवर बसून राहू शकतो. डॉकरच्या मांडणीच्या, म्हणजे कम्पोज फाइलमध्ये त्या कंटेनरखाली ‘डीएनएस’ म्हणून पत्ता स्पष्ट लिहून टाका. शिवाय कंटेनरच्या आत डॉट लोकल वापरू नका. बहुतेक कंटेनरमध्ये हाक मारायची सोयच नसते. अल्पाइन ह्या छोटेखानी लिनक्सवर बांधलेले कंटेनर तर एनएसस्विच फाइल वाचतही नाहीत.

यजमानावरच नाव सुटत नसेल तर चावडीवर संशय घ्या. भारतातल्या काही इंटरनेट सेवांवर द मूव्ही डेटाबेसचं नाव नीट सुटत नाही, हा जेलीफिनवाल्यांचा जुना अनुभव आहे, माझाही. एनएसलुकअपला तेच नाव दोनदा विचारा: एकदा नेहमीच्या पद्धतीने, एकदा शेवटी १.१.१.१ (बाहेरची एक सार्वजनिक चावडी) जोडून. उत्तरं वेगळी आली तर डीएनएस बदला, काम झालं. १.१.१.१ ला विचारूनही तेच भलतं उत्तर आलं, तर तुमचे प्रश्न वाटेतच अडवून कोणीतरी दुसराच उत्तर देतोय. मग साध्या ५३ पोर्टऐवजी ८५३ वरून कूटबद्ध प्रश्न पाठवावे लागतात. मी त्यासाठी पाय-होलच्या मागे अनबाउंड नावाची आणखी एक चावडी बसवली आणि हौसेने डीएनएसच्या सह्यांची, म्हणजे उत्तर अस्सल आहे हे सांगणाऱ्या खुणांची, तपासणीही चालू केली.

त्या हौसेची किंमत गणपतीत कळली. कोकणात आठ दिवस गेलो, जाताना सगळं बंद करून. परत आलो, बटणं दाबली, आणि अख्ख्या घराचं इंटरनेट मेलेलं. कोठार नावाने उघडत होतं, कारण ती नोंद घरातलीच. बाहेरचं एकही नाव सुटत नव्हतं. पायवर ‘डेट’ टाकलं तर आम्ही निघालो तो दिवस. पाय ४ मध्ये बॅटरीचं घड्याळ नसतं. वीज गेली की काळ थांबतो, उठल्यावर तो डिस्कवर टिपलेल्या शेवटच्या वेळेपासून पुढे मोजायला लागतो. एरवी तो इंटरनेटवरून वेळ विचारून घेतो. पण वेळेच्या सर्व्हरचं नाव अनबाउंडकडून सोडवायचं, अनबाउंडने सह्या तपासायच्या, आणि आठ दिवस मागच्या घड्याळाने पाहिलं तर त्या सह्या ‘अजून सुरूच झालेल्या नाहीत’. म्हणून नाव सुटत नाही, म्हणून वेळ मिळत नाही, म्हणून नाव सुटत नाही.

तात्पुरता इलाज: हाताने तारीख लावा. कायमचा: वेळेच्या सर्व्हरच्या यादीत नावाबरोबर एक नुसता आकडाही ठेवा. मी गूगलच्या वेळसेवेचा २१६.२३९.३५.० टाकलाय. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, हे विकत घेताना ध्यानात ठेवा.

आत्ता काय ठेवलंय

पत्ता राउटरमध्ये राखून ठेवलेला. नाव पाय-होलमध्ये, ‘कोठार डॉट होम डॉट आर्पा’. चावडी एकच. लॅपटॉप आणि फोनवर नाव. टीव्हीवर मात्र सरळ आकडा. टीव्हीला नाव शिकवण्याचा नाद मी सोडला. तिथे नाव कोणी वाचत नाही आणि रिमोटने टाइप करण्याइतकं आयुष्य कोणाकडे नाही.

शिवाय पायवर एक चार ओळींची स्क्रिप्ट. दर पाच मिनिटांनी ती तीन गोष्टी वेळेसकट फाइलमध्ये लिहिते: राउटरच्या आकड्याला पिंग होतं का, पाय-होलकडून घरातलं नाव सुटतं का, बाहेरचं एक नाव सुटतं का. पुन्हा काही हरवलं तर रिस्टार्ट करायच्या आधी ती फाइल उघडायची, एवढं घरात सगळ्यांना बजावलंय. गेल्या महिन्यात तिच्यात एकच लाल नोंद आहे: रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटं, राउटर आणि बाहेरचं नाव दोन्ही गायब, घरातलं नाव शाबूत. म्हणजे पाय जागा होता, त्याची वायर कुठेतरी तुटली होती. मुलीने फोन चार्जिंगला लावायला स्विचचा प्लग काढला होता.